प्रोसेसरला घातलेला वारा

इस्रायलच्या वाळवंटातल्या डिमोना गावच्या आमच्या घरात शुक्रवारी दुपारी सगळे आवाज एकदम वाढायचे. आईचा मिक्सर खोबरं वाटत असायचा, न्हाणीघरात पाणी धो धो वाहत असायचं, माझी धाकटी बहीण रूथ केस वाळवायचं यंत्र घेऊन आरशासमोर उभी असायची, आणि आबा मधूनमधून घड्याळाकडे बघून ओरडायचे, "आटपा गो, दिस कलला!" मग आई मेणबत्त्या लावायची, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना पुटपुटायची, आणि घर गप्प व्हायचं. शब्बाथ, आम्हा यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, लागला. आता शनिवारी संध्याकाळी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. जे चालू असेल ते चालू राहणार, जे बंद असेल ते बंद. खोलीच्या कोपऱ्यात प्लाता असायची. प्लाता म्हणजे विजेची सपाट शेगडी, शुक्रवारी जोडली की शब्बाथ सुटेपर्यंत मंद तापत राहते. तिच्यावर बिरड्याचं पातेलं, नारळाच्या दुधातल्या मासळीचं पातेलं आणि भात, सगळं जाड टॉवेलाखाली झाकलेलं. शनिवारी सकाळी जाग यायची ती त्या टॉवेलातून झिरपणाऱ्या वालाच्या वासाने. आता माझ्या घरी माझी बायको तसंच सगळं मांडते, पण वाल आता गोठवलेले मिळतात आणि त्यांना तो वास नसतो, किंवा माझं नाक म्हातारं झालं असेल.

आबा रायगडातल्या एका खेड्यात जन्मले. आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. एवढ्या एका गोष्टीवरून आम्ही कोण ते लोकांना आणि आम्हाला कळत राहिलं, असं आबा सांगायचे. पण पुढे ते मुंबईला गिरणीत लागले आणि गिरणी शनिवारी चालू. वर्षानुवर्षं ते शनिवारी साच्यावर उभे राहिले. त्याबद्दल ते कधी तक्रारीने बोलले नाहीत, एवढंच म्हणायचे, "हात चालायचे रे, पण अंगात कापूस भरल्यासारखं वाटायचं." इस्रायलला ते आले ते शनिवारसाठी. डिमोनाजवळच्या खनिजाच्या कारखान्यात त्यांना काम मिळालं. तिथेही यंत्रं शनिवारी थांबत नसत, पण दुसऱ्यांना नको असलेल्या पाळ्या पत्करून आबांनी आपला शनिवार सोडवून घेतला होता.

मी सातवीपर्यंत कोकणात, तालुक्याच्या गावच्या मराठी शाळेत शिकलो. इथे आल्यावर हिब्रूची बाराखडी, मग लष्कर, मग आबांच्याच कारखान्यात काही वर्षं. शिकायची इच्छा तेव्हा मागे पडली होती. ती परत उकरून काढली आईने. तिने एलियाहू हानबीला, म्हणजे आमच्या एलिया प्रेषिताला, नवस बोलला होता, माझ्या मुलाला पदवी मिळाली तर मलिदा करीन. मलिदा म्हणजे गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे, वर फळं, आणि सगळी बेने इस्रायल, म्हणजे आमची कोकणातली यहुदी मंडळी भोवती बसून गाणार. आमच्या घराण्यात तोवर कोणी पदवीधर नव्हतं. तिशी ओलांडल्यावर मी बेर शेवाच्या विद्यापीठात अभियांत्रिकीला बसलो. ज्यांनी मला घेतलं, जे माझ्या अडखळत्या हिब्रूला कधी हसले नाहीत, त्या सगळ्यांचं ऋण मी मानतो. हे मी मुद्दाम आधीच लिहितो, कारण पुढे जे घडलं त्यात कोणाचाच दोष नव्हता.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. माझा विषय असा होता: घरातला संगणक काही काम न करता नुसता चालू असतो, तेव्हाही त्याच्या प्रोसेसरला पूर्ण व्होल्टेज मिळत राहतं आणि तो उगाच तापत राहतो. मी एक प्रोग्राम लिहिला होता. संगणक रिकामा बसला आहे हे ओळखून तो व्होल्टेज थोडंथोडं खाली आणायचा, काम आलं की परत वर न्यायचा, आणि दर थोड्या वेळाने तापमान टिपून ठेवायचा. आजचे प्रोसेसर हे उपजतच करतात. माझ्या नातीला सांगितलं तर ती विचारेल, यात शोधायचं काय होतं? तेव्हा होतं. प्रकल्पासाठी मला साध्या घरातल्या साध्या खोलीत दिवसभराची सलग नोंद हवी होती आणि त्या वेळात कोणी माउसलाही हात लावायला नको होता. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा रूथने मैत्रिणीला निरोप पाठवायला बसून तो मोडला. मग माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात संगणकाला चोवीस तास कोणी हात लावत नाही, असा वार आहेच.

आबांना विचारायला मला भीती वाटत होती. ते बाल्कनीत बसून नखं कापत होते.

"म्हणजे शुक्रवारी चालू करून ठेवणार, आणि तो काय करणार?"

"काही नाही, आबा. नुसता बसणार."

"नुसता बसणार तर बंद का नाय ठेवत?"

"बंद नको. चालू हवा, पण रिकामा. रिकामा असताना किती तापतो ते बघायचंय."

आबांनी नेलकटर खाली ठेवलं. "रिकामा बसून पण तापतो?"

"हो."

"तुझ्या आतेभावासारखा," ते म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले. मग थोडा विचार करून म्हणाले, "प्लाता पण चालूच असते म्हणा. ठेव. पण एकदा मेणबत्ती लागली की त्याच्याकडे जायचं नाय. काय वाटेल ते होवो."

"काय होणारे?" मी म्हणालो.

परीक्षक प्राध्यापकांनी नोंद द्यायची शेवटची मुदत रविवारी सकाळची दिली होती; इथे कामाचा आठवडा रविवारीच सुरू होतो. त्या दिवशी नोंद दिली तर त्याच वर्षी पदवी, नाहीतर पुढच्या तुकडीबरोबर. आईने मलिद्यासाठी चांगला गूळ मुंबईहून कोणाबरोबर तरी मागवलाही होता. मशिदीत (आमच्यात सिनेगॉगला मशीदच म्हणतात) आबांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. शुक्रवारी मी प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर मोठ्या आकड्यात तापमान दिसत होतं, त्याखाली व्होल्टेज. नोंद मी मुद्दाम डिस्कवर लिहीत नव्हतो, कारण डिस्क फिरली की प्रोसेसरला काम पडतं आणि रिकामेपण मोडतं. सगळे आकडे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत साठायचे आणि शेवटी मी बटण दाबलं की एकदम डिस्कवर उतरायचे. हे मला फार हुशारीचं वाटलं होतं. खिडकीतल्या जुन्या एसीला शब्बाथचं घड्याळ लावलेलं होतं, ते त्याला आपोआप चालू-बंद करायचं. मेणबत्त्या लागल्या तेव्हा आकडा एक्केचाळीसवर शांत होता. मी तृप्त मनाने मासळी खाल्ली.

शनिवारी मशिदीतून परतलो तेव्हा बाहेर खमसीन सुटला होता. वाळवंटावरून येणारा तो गरम वारा आकाश पिवळं करून टाकतो. दार उघडताच मला आवाज ऐकू आला, अडकित्त्यात काहीतरी अडकून कचकचावं तसा. संगणकाच्या पेटीतून येत होता. प्रोसेसरवरचा पंखा. आमच्या गावची धूळ पिठासारखी बारीक, दाराच्या फटीतून येते, दुधात पडते, पंख्याच्या आसात जाऊन बसते. पंखा थोडा फिरत होता, अडखळत होता, परत फिरत होता. आकडा अठ्ठावन्न होता.

मी पुढे झालो. आबा मागेच होते. त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, रस्ता ओलांडताना लहान मुलाचं धरतात तसं.

"आबा, पंखा बंद पडतोय. जळून जाईल."

"चांदण्या दिसू देत."

"तोवर राहणार नाही."

"मग नाय राहणार," ते म्हणाले. "मी गिरणीत कित्येक शनिवार घालवले रे. ते मला परत मिळत नाहीत. आता आणखी एक नको. माझ्या घरात नको."

मी लष्करात असताना शनिवारी जीप चालवली होती, रेडिओ लावला होता, आबांना ते ठाऊक होतं. जोर लावून हात सोडवून घेणं मला अवघड नव्हतं. पण ते मनगट सोडवून घ्यायचं कसं, हे मला माहीत नव्हतं. आजही नाही.

रूथ सोफ्यावरून हिब्रूत म्हणाली, "आबा, बास की! एक बटण आहे."

"तू गप," आई म्हणाली. मग आबांकडे वळून हळूच म्हणाली, "अहो, वरच्या ल्युदाबाईंना सांगितलं तर?"

वरच्या मजल्यावर ल्युडमिला नावाच्या बाई राहायच्या. रशियातून आलेल्या. नवरा यहुदी, त्या नव्हेत, त्यामुळे त्यांना शब्बाथची आडकाठी नव्हती. पण अशा माणसालाही शनिवारी थेट काम सांगता येत नाही. अमुक बंद करा, असं तोंडातून काढायचं नाही. नुसती परिस्थिती बोलून दाखवायची, आणि त्यांना आपणहून उमगलं तर उमगलं. आबा या बाबतीत फार काटेकोर. ते वर गेले आणि ल्युदाबाईंना घेऊन आले. त्या फुलाफुलांच्या झग्यात, पायात सपाता, चेहरा काळजीने भरलेला. कोणीतरी आजारी पडलं असावं, असं त्यांना वाटलं होतं.

खोलीच्या मध्यावर उभे राहून आबा हिब्रूत म्हणाले, "आज घरात आवाज फार होतोय."

ल्युदाबाईंनी कान दिला. आमचा एसी तर ट्रॅक्टरसारखा घुरघुरायचा. "अरे, एवढंच ना!" म्हणत त्या खिडकीकडे गेल्या आणि त्यांनी एसी बंद करून टाकला.

आईने पदराने तोंड झाकलं. मी पुटपुटलो, "देवा." एसी गेल्याने आता पंख्याची कचकच अख्ख्या खोलीत भरून राहिली.

आबांना घाम फुटला. "आता... आता जरा उकडतंय," त्यांनी प्रयत्न केला.

"खमसीन आहे ना," ल्युदाबाई आपुलकीने म्हणाल्या आणि त्यांनी शेजारची खिडकी सताड उघडली. पिवळा वारा आत शिरला. टेबलावरचा पांढरा कपडा फडफडला.

मला राहवलं नाही. "ल्युदा, संगणकाची तब्येत बरी नाही," मी म्हणालो. एवढं बोललेलं चालतं, ती नुसती बातमी असते.

त्या दोन पावलं मागे सरल्या. "ना ना ना! त्याला मी हात लावत नाही. नातवाच्या संगणकाला एकदा लावला तर त्याची सगळी चित्रं गेली. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही." तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. तोच नातू त्यांना समुद्रावर न्यायला आला होता. आईने त्यांच्या हातात दोन करंज्या दिल्या. आपण शेजाऱ्यांच्या उपयोगी पडलो, या आनंदात त्या निघून गेल्या.

खिडकी लावून घ्यायला बंदी नव्हती, ती मी लावली. एसी मात्र बंद तो बंद. आकडा सहासष्ट. व्होल्टेज माझ्या प्रोग्रामने शक्य तितकं खाली आणून ठेवलं होतं. बिचारा आपलं काम करत होता. त्याहून खाली नेलं असतं तर संगणक चालूच राहिला नसता. पंखा एकदा थांबला, परत फिरला, परत थांबला. मग थांबलाच.

आबा उठले, बुटांच्या जुन्या खोक्याचं झाकण घेऊन आले आणि पेटीच्या मागच्या जाळीपाशी बसून वारा घालू लागले.

"वारा घातलेला चालतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हाताने घातलेला चालतो."

पेटीला चारही बाजूंनी पत्रा होता. मागून झाकण हलवल्याने प्रोसेसरपर्यंत काही पोचणार नाही, हे मला माहीत होतं. ते शिकण्यातच मी तीन-चार वर्षं घालवली होती. आई आली, तिने दुसऱ्या बाजूने पदराने वारा घालायला सुरुवात केली. जेवण प्लातेवर तसंच राहिलं. एरवी शब्बाथच्या दुपारी अख्खं डिमोना झोपतं, आबा तर हमखास. त्या दुपारी ते झोपले नाहीत. हात भरून आला की झाकण दुसऱ्या हातात घ्यायचे. बनियन पाठीला चिकटलं होतं. थोड्या वेळाने रूथही उठली, तोंडाने काहीतरी पुटपुटत, आणि तिने आईला बाजूला करून एक मासिक हातात घेतलं. मीही घेतलं एक. आम्ही चौघं त्या पेटीभोवती बसून होतो, आजाऱ्याच्या खाटेभोवती बसावं तसे. सत्तर. त्र्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. आबा दर थोड्या वेळाने विचारायचे, "किती?" आणि मी सांगायचो.

पुढे मी ज्या कामावर पोट भरलं त्यात रोज तापमानाचे आकडे बघावे लागत होते. थंड करायची नाना साधनं माझ्या हाताखालून गेली. पण एखादा आकडा चढताना दिसला की अजूनही माझा हात आधी आपोआप वारा घालायला उठतो. सहकारी हसायचे. मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आकडा त्र्याऐंशीवर आला आणि तिथे राहिला. आबांनी विचारलं, "किती?" मी म्हणालो, "त्र्याऐंशी." काही वेळाने परत विचारलं. त्र्याऐंशी. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंदाचा आकडाही थांबलेला होता. म्हणजे प्रोसेसर गोठला होता. प्रोग्राम मोजतच नव्हता. आत तापमान वाढतच असणार, फक्त ते सांगायला कोणी उरलं नव्हतं. अशा वेळी स्वतःला बंद करायची अक्कल आमच्या त्या बोर्डाला नव्हती. आणि स्मृतीतली सगळी नोंद तिथेच अडकली होती.

"त्र्याऐंशी," मी म्हणालो.

आबांचा चेहरा उजळला. "थांबलं! बघ, वाढत नाय आता!" त्यांनी आईला हाक मारली, "अगो, थांबलं!" आणि दुप्पट जोराने वारा घालू लागले. आई एलियाहू हानबीचं नाव घेऊन डोळे पुसू लागली. रूथने माझ्याकडे बघून प्रश्नार्थक भुवई उंचावली. मी मान फिरवली. ऊन उतरेपर्यंत आबांनी झाकण खाली ठेवलं नाही.

बाल्कनीतून चांदण्या दिसल्या. आबांनी हावदाला, म्हणजे शब्बाथ सोडायची प्रार्थना, म्हटली, लवंगांचा वास घेतला, मेणबत्ती वाइनमध्ये विझवली आणि माझ्याकडे वळून एखाद्या लग्नघरातल्या माणसासारखे म्हणाले, "जा आता. घे उतरवून." मी बटण दाबलं. काही झालं नाही. मग बंद करून परत चालू केलं. पडदा काळाच राहिला. पत्रा उघडला तर आतून तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला. "काय झालं?" आबांनी विचारलं. मी म्हणालो, "गेला."

रविवारी सकाळी मी बेर शेवाच्या बसकडे निघालो तेव्हा आबा मशिदीचा पांढरा सदरा घालून दारात उभे होते. कामावर येत नाही म्हणून त्यांनी कळवून टाकलं होतं. नको म्हणून पाहिलं. ऐकलं नाही. बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर पडून होता, सुजलेला.

प्राध्यापकांची खोली लहान होती. ते धर्म पाळणारे नव्हते. उघड्या डोक्याने, अर्ध्या चड्डीत बसायचे, पण माणूस सरळ होता. पंखा कसा थांबला आणि नोंद कशी गेली, एवढं मी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, नोंदीशिवाय प्रकल्प मंजूर करता येत नाही, तुझ्याऐवजी दुसरा कोणी असता तरी हेच म्हटलं असतं, पुढच्या तुकडीबरोबर ये, तुझी जागा मी राखून ठेवतो. मी आभार मानले. मनापासून मानले.

आबा पुढे झाले. डोक्यावरची टोपी त्यांनी नीट केली. "सर, मुलाची चूक नाही. त्याचा हात मी धरला," ते त्यांच्या मोडक्या हिब्रूत म्हणाले. "पण आम्ही सोडून नाही दिलं त्याला. वारा घातला. सगळ्यांनी. दुपारभर."

प्राध्यापकांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता हे हसतील, आणि मला त्या खोलीतून कुठे जावं ते कळेना. पण त्यांनी कारखान्यातल्या माणसाला विचारावं तसं गंभीरपणे विचारलं, "मग? काही उतरलं तापमान?"

"उतरलं नाही," आबा म्हणाले. "पण थांबलं. त्र्याऐंशीवर थांबलं. मग संध्याकाळपर्यंत एकदाही वाढलं नाही." आणि हे खरं आहे असं सांगायला ते माझ्याकडे वळले.

प्राध्यापकांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय समजायचं ते समजलं होतं.

"हो," मी म्हणालो. "अजिबात वाढलं नाही."